रेल्वेच्या डब्यातून दक्षिणेत पोचलेला पेपर: रॉबर्ट ॲबट आणि ‘शिकागो डिफेंडर’

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने १९२० साली एक कायदा केला. गोऱ्या आणि काळ्या माणसांमध्ये सामाजिक समता असावी किंवा त्यांच्यात लग्नं व्हावीत, असं सुचवणारा मजकूर छापणं, विकणं किंवा वाटणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा पाचशे डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच वर्षी शेजारच्या आर्कान्सा राज्यात पाइन ब्लफ इथल्या न्यायालयाने एका वर्तमानपत्राच्या वाटपाला मनाई केली. ते पत्र निघायचं शेकडो मैल उत्तरेला, शिकागोत. कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक होतं, नाव ‘शिकागो डिफेंडर’. मालक, प्रकाशक आणि संपादक एकच माणूस: रॉबर्ट सेंगस्टॅक ॲबट.

पोलीस, न्यायालयं, विधिमंडळ सगळं हाताशी असलेल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना आठवड्यातून एकदा निघणाऱ्या एका पेपरची इतकी धास्ती का वाटावी? ॲबटची लेखणी जहाल होती, हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. जहाल लिहिणारे तेव्हा इतरही होते. ॲबटने आणखी एक गोष्ट साधली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. पेपर वाचकापर्यंत पोचवायची वाट त्याने बांधली, आणि त्याच वाटेने वाचकाचं म्हणणं परत आपल्या टेबलावर आणलं. ही वाट कशी चालायची ते नीट पाहिलं, की एका साप्ताहिकाने एका देशाच्या लोकवस्तीचा नकाशा बदलायला कसा हातभार लावला ते कळतं.

सॅव्हाना ते शिकागो

ॲबटचा जन्म १८७० सालचा, जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावरचा. आईवडील दोघंही गुलाम म्हणून जन्मलेले. यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ मध्ये, म्हणजे हा स्वतंत्र म्हणून जन्मलेल्या पहिल्या पिढीतला मुलगा. तो काही महिन्यांचा असतानाच वडील वारले. आई फ्लोरा बाळाला घेऊन सॅव्हाना शहरात आली. सासरच्यांनी मुलाचा ताबा मागितला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा तिच्या पाठीशी उभा राहिला जॉन सेंगस्टॅक नावाचा गृहस्थ. त्याने वकील मिळवून दिला, मूल आईकडे राहिलं. पुढे १८७४ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि रॉबर्टच्या नावात ‘सेंगस्टॅक’ आलं.

हा सावत्र बाप समजून घेण्यासारखा आहे. त्याचे वडील जर्मन, आई गुलाम. लहानपणीच त्याला जर्मनीत नातेवाइकांकडे धाडलं होतं, तिथेच तो वाढला आणि शिकला. दिसायला गोराच. जॉर्जियात परतला तेव्हा मात्र तिथल्या हिशेबाने तो ‘काळा’ ठरला. त्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीतच आयुष्य काढलं. चर्चमध्ये पाळक झाला, शाळेत मास्तर झाला, आणि ‘वुडव्हिल टाइम्स’ नावाचं एक छोटं पत्रही चालवलं. वर्तमानपत्र म्हणजे काय, हे रॉबर्टने पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

छपाईचा धंदा तो रीतसर शिकला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेत. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी यादवी युद्धानंतर ही संस्था निघाली होती. पुस्तकी शिक्षणाबरोबर हातात एखादी कारागिरी देणं ही तिथली रीत. ॲबट खिळे जुळवायला, फॉर्म बांधायला, यंत्र चालवायला शिकला. आवाज चांगला होता, म्हणून संस्थेच्या चौघांच्या गायनमंडळातही तो होता. त्या निमित्ताने १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याला जायला मिळालं. त्या प्रदर्शनात गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेला म्हातारा फ्रेडरिक डग्लस भाषणं करत होता, आणि आयडा बी. वेल्स ही तरुण पत्रकार ‘कृष्णवर्णीय अमेरिकनांना या प्रदर्शनात जागा का नाही’ हे सांगणारी पुस्तिका लोकांच्या हातात देत होती. मेम्फिसमध्ये झुंडीने केलेल्या हत्यांविरुद्ध लिहिलं म्हणून वेल्सच्या पत्राची कचेरी आदल्याच वर्षी जमावाने उद्ध्वस्त केली होती. बावीस वर्षांच्या मुलाने हे सगळं एकाच ठिकाणी पाहिलं. शिकागो त्याच्या मनात बसलं ते तेव्हापासून.

तिथेच तो कायदा शिकला आणि १८९९ मध्ये केंट लॉ कॉलेजातून पदवी घेतली. पण एका नामवंत कृष्णवर्णीय वकिलाने, जो स्वतः उजळ वर्णाचा होता, त्याला सांगितलं, की तुझा रंग फार काळा आहे, कोर्टात तुझी छाप पडणार नाही. ॲबटने शिकागोबाहेर इतर शहरांतही वकिली करून पाहिली, ती चालली नाही. छापखान्यात काम मागायला जावं तर तिथेही रंग आडवा यायचा. हाती दोन विद्या आणि दोन्हीकडची दारं अर्धी बंद. गोऱ्यांकडून होणारा अपमान त्याला नवा नव्हता. आपल्याच लोकांनी रंगावरून मागे सारलं, ही सल त्याला जन्मभर राहिली.

पावणेचौदा डॉलरची उधारी

५ मे १९०५ रोजी ‘शिकागो डिफेंडर’चा पहिला अंक निघाला. ॲबटच्या खिशात तेव्हा रोख होते पंचवीस सेंट, आणि ते वह्या-पेन्सिलींत संपले. कचेरी म्हणजे स्टेट स्ट्रीटवर घरमालकीण हेन्रिएटा ली यांच्या घरातली जागा, त्यात पत्ते खेळायचं एक घडीचं टेबल आणि उसनी खुर्ची. तीनशे प्रती छापल्या, त्या उधारीवर. छपाईचं बिल झालं पावणेचौदा डॉलर, म्हणजे एका प्रतीला साडेचार सेंटांहून जास्त. बातम्या गोळा करणं, लिहिणं, मुद्रितं तपासणं, आणि अंक काखोटीला मारून दारोदार, केशकर्तनालयांत, चर्चच्या पायऱ्यांवर विकणं, सगळं तो एकटाच करायचा.

शहरात कृष्णवर्णीयांची ‘काँझर्वेटर’, ‘ब्रॉड ॲक्स’ अशी पत्रं आधीपासून होती. नवं पत्र टिकेल असं कोणालाही वाटत नव्हतं. ते टिकलं यात हेन्रिएटाबाईंचा वाटा मोठा आहे. भाडं थकलं तरी त्यांनी ॲबटला बाहेर काढलं नाही, आजारपणात त्याची शुश्रूषा केली, बसायला जागा दिली. हाती पैसा आल्यावर, १९१८ मध्ये, ॲबटने त्यांना एक घर विकत घेऊन दिलं. धंद्याच्या इतिहासात भांडवलदारांची नावं येतात, अशा बाईंचं नाव येत नाही. ते यायला हवं.

पहिली काही वर्षं अंक जेमतेम निघत राहिला. मग १९१० च्या सुमारास जे. हॉकली स्माइली नावाचा व्यवस्थापकीय संपादक आला आणि पत्राचं रूप पालटलं. तेव्हा शिकागोत विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्टच्या मालकीच्या पेपरांची चलती होती. पानभर मथळे, लाल शाई, गुन्ह्यांच्या बातम्या, भडक चित्रं. ज्याला पिवळी पत्रकारिता म्हणतात ती हीच. स्माइलीने ते सारं तंत्र उचललं आणि कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांना लावलं. विभागही पाडले: नाटक, खेळ, समाजवार्ता, संपादकीय. स्माइली १९१५ मध्ये वारला, पण तोवर पत्राला वळण लागलं होतं.

या भडकपणाबद्दल नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला तो समजतो. दक्षिणेत झुंडीने एखाद्याला जाळलं किंवा झाडाला लटकवलं, तर तिथले गोऱ्यांचे पेपर एक तर गप्प बसत किंवा मेलेल्यालाच गुन्हेगार ठरवत. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ कृष्णवर्णीय माणसं अशा प्रकारे मारली गेली, आणि ही नोंद झालेल्यांची संख्या. ‘डिफेंडर’ने त्या बातम्या नाव, गाव, तपशील देऊन पहिल्या पानावर लाल मथळ्याखाली छापल्या. आवाज चढा होता, कारण बाकी सगळीकडे शांतता होती.

मराठी वाचकाला इथे ‘मूकनायक’ आठवेल. बाबासाहेबांनी तो ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केला. त्याआधी १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि ‘डिफेंडर’ भराभर वाढत होता तो याच वर्षांत. या दोन पत्रांचा एकमेकांशी संबंध होता असा माझा दावा नाही. ज्यांची बाजू कोणी छापत नाही त्यांना स्वतःचा पेपर काढावा लागतो, ही निकड मात्र दोन्हीकडे सारखी होती.

पुलमनचे पोर्टर

आता मुख्य गोष्ट. शिकागोत छापलेला अंक मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या खेड्यात जायचा कसा?

त्या काळात लांबच्या प्रवासाला पुलमन कंपनीचे झोपायचे डबे असत. प्रवाशांच्या गाद्या घालणं, सामान उचलणं, बूट पुसणं, रात्रभर हाकेला ओ देणं या कामावर जे पोर्टर असत ते जवळपास सगळे कृष्णवर्णीय. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. कंपनीच्या संस्थापकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून सरसकट प्रत्येक पोर्टर ‘जॉर्ज’. कंपनीचं मुख्य ठाणं शिकागो. तिथून इलिनॉय सेंट्रल रेल्वे मेम्फिस, मिसिसिपी करत थेट न्यू ऑर्लिन्सला उतरायची.

या पोर्टरांनी ‘डिफेंडर’चे गठ्ठे सोबत न्यायला सुरुवात केली. जेवणाच्या डब्यातले वाढपी, फिरत्या नाटक कंपन्यांतले गवई-नटही नेत. गावाचे अधिकारी स्टेशनवर अंक जप्त करतात असं लक्षात आलं, तेव्हा गठ्ठा स्टेशनात न उतरवता गावाबाहेर, गाडी हळू झाली की ठरल्या जागी टाकायचा असं सुरू झालं. तिथून तो उचलायचा स्थानिक एजंट: कधी पाळक, कधी न्हावी, कधी शाळकरी पोरगा. एक अंक घरोघर फिरायचा, घडीवर फाटेपर्यंत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी न्हाव्याच्या दुकानात, चर्चनंतरच्या बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणून खपाच्या आकड्यावरून वाचकांचा अंदाज बांधता येत नाही. खप १९१६ च्या सुमारास ५०,०००, १९१८ मध्ये १,२५,००० आणि १९२० च्या आसपास दोन लाखांच्या वर असे आकडे दिले जातात. त्यातला मोठा भाग शिकागोबाहेर जायचा. कृष्णवर्णीयांच्या कोणत्याही पत्राला तोवर एवढा पसारा जमला नव्हता.

पण पोर्टर परत येताना काय आणायचे, हे पाहिल्याशिवाय हे तंत्र पुरतं कळत नाही. प्रवासी डब्यात टाकून गेलेली गावोगावची वर्तमानपत्रं ते गोळा करत आणि ‘डिफेंडर’च्या कचेरीत आणून देत. स्माइली ती चाळायचा, कृष्णवर्णीयांशी संबंध असलेल्या बारीकसारीक बातम्या काढायचा आणि नव्याने लिहायचा. गोऱ्यांच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत उरकलेली हत्या इथे पहिल्या पानावर यायची. तारेवर आणि वार्ताहरांवर खर्च करायची ऐपत नसलेल्या पत्राला देशभरच्या बातम्या फुकट मिळू लागल्या. शिवाय गावोगावचे हौशी बातमीदार आपल्या वस्तीची खबर पाठवत: कोणाकडे कोण पाहुणे आले, कोणत्या चर्चचा वार्षिक समारंभ झाला, कोणाची मुलगी शिक्षिका झाली. ज्या माणसांचं नाव गावच्या पेपरात फक्त गुन्ह्याच्या बातमीत यायचं, त्यांच्या लग्नाची, परीक्षेची बातमी शिकागोत छापून पुन्हा त्यांच्याच गावात यायची. अंक विकत घ्यायला याहून मोठं कारण काय हवं?

‘उत्तरेला या’

आता त्या काळाचं अर्थकारण. दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय गोऱ्या जमीनदाराची शेती वाट्याने कसत. बी-बियाणं, खत, खायचं धान्य मालकाच्या दुकानातून उधार, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्याच वहीत. वर्षभर राबूनही कर्ज उरायचंच. त्यात बोंडं पोखरणाऱ्या किडीने कापसाची वाट लावली. मतदानाचा हक्क नियमांच्या जाळ्यात अडकवून काढून घेतलेला. आणि झुंडीची भीती सतत मानेवर.

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि उत्तरेत वेगळंच घडलं. शिकागोचे कत्तलखाने, पोलादाच्या भट्ट्या, कारखाने युरोपातून येणाऱ्या मजुरांवर चालायचे. १९१४ मध्ये बारा लाखांवर लोक अमेरिकेत आले होते, १९१८ मध्ये जेमतेम एक लाख दहा हजार. ऑर्डरी वाढल्या, माणसं मिळेनात. दक्षिणेत शेतमजुराला दिवसाला एक डॉलर मिळायची मारामार, आणि शिकागोच्या कत्तलखान्यात दोन डॉलरांच्या वर.

ॲबट आधी स्थलांतराच्या बाजूचा नव्हता. आहात तिथेच राहा आणि हक्कासाठी लढा, असं तो लिहायचा. १९१६ मध्ये त्याचं मत पालटलं. माझ्या मते त्याने दोन गोष्टी ताडल्या. माणसं तशीही निघू लागली होती. आणि मजूर निघून जाणं हा दक्षिणेच्या जमीनदाराला बसणारा असा फटका होता, की त्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता. मग ‘डिफेंडर’ने मोहीमच उघडली. कारखान्यांच्या नोकरीच्या जाहिराती, गाड्यांची वेळापत्रकं, उत्तरेत गेलेल्यांची खुशाली, स्थलांतरावरच्या कविता, आणि शेजारीच दक्षिणेतल्या ताज्या हत्येची बातमी. वाचणाऱ्याने दोन्ही एकाच पानावर वाचावं अशी ती मांडणी. १५ मे १९१७ ही तारीख ‘उत्तरेकडच्या महाप्रस्थाना’साठी जाहीर केली. त्या दिवसाची म्हणून वेगळी गाडी नव्हती, तरी स्वस्त तिकिटांच्या अफवा पसरल्या आणि लोकांनी त्या तारखेवर आशा बांधली. माझ्या लेखी ही ॲबटची बेफिकिरी होती. घरदार विकून निघणाऱ्या माणसाला पक्की तारीख सांगायची, तर त्या तारखेमागे काहीतरी पक्कं असायला हवं.

या काळात ‘डिफेंडर’च्या कचेरीत पत्रांचा ढीग पडू लागला. त्यातली बरीच एमेट जे. स्कॉट याने जमवली आणि १९१९ मध्ये ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ या नियतकालिकात छापली. लिहिणारे सुतार, ओतारी, स्वयंपाकी, धोबिणी, शिक्षिका. शुद्धलेखन तुटकं, पण हिशेब चोख: घरात किती माणसं, कोणतं काम येतं, सध्या किती मिळतं, तिकिटाचे पैसे कोणी आगाऊ देईल का, दहा-वीस जण एकत्र आलो तर भाड्यात सवलत मिळेल का. मुलांना चांगली शाळा मिळेल का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आणि अनेकांची विनंती एकच: माझं नाव छापू नका. नाव छापलं तर इथे माझं काय होईल हे तुम्हाला ठाऊक आहे.

दक्षिणेतले जमीनदार आणि नगरपालिका हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर भरती करणाऱ्या एजंटासाठी परवान्याची फी २५,००० डॉलर केली, शिवाय पाळक, कारखानदार आणि व्यापाऱ्यांच्या मिळून पंचेचाळीस शिफारशी लागतील अशी अट घातली. फलाटांवरून माणसांना पकडून नेलं, गाड्यांतून उतरवलं, ‘डिफेंडर’ विकणाऱ्यांना धाक घातला. अशी प्रत्येक घटना पुढच्या अंकाची बातमी व्हायची.

१९१६ ते १९१९ या काळात सुमारे पाच लाख लोकांनी दक्षिण सोडली. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९१० च्या जनगणनेत ४४,१०३ होती, ती १९२० मध्ये १,०९,४५८ झाली. हे सगळं एका पेपरने घडवलं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. युद्ध, कीड, मजुरीतला फरक ही कारणं होतीच, आणि उत्तरेत गेलेल्या भावाचं पत्र कोणत्याही अग्रलेखापेक्षा जास्त पटायचं. पण निघायची इच्छा असलेल्याला कुठे जायचं, कोणत्या गाडीने जायचं आणि उतरल्यावर कोणाकडे विचारायचं हे सांगणारं हाताशी काय होतं? बहुतेक ठिकाणी हाच पेपर. उत्तरेत इतरही शहरं होती. मिसिसिपीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे शिकागो उभं राहिलं ते रेल्वेमार्गामुळे आणि ‘डिफेंडर’मुळे.

आल्यावर शहरात कसं वागावं याच्या सूचनाही हाच पेपर छापायचा: ट्राममध्ये मोठ्याने बोलू नका, डोक्याला फडकं बांधून रस्त्यावर येऊ नका. जुन्या शिकागोकरांना नवख्यांची लाज वाटायची, ती या यादीत दिसते.

१९१९ चा उन्हाळा

वस्ती वाढली, घरं वाढली नाहीत. दक्षिण शिकागोच्या एका पट्ट्यात माणसं कोंबली गेली. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या हद्दीजवळ गेला, किनाऱ्यावरून एका गोऱ्याने दगड मारले, तो बुडाला. पोलिसाने त्या माणसाला पकडायला नकार दिला. पुढचे अनेक दिवस शहर पेटलं. ३८ माणसं मेली, त्यात २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे, पाचशेहून जास्त जखमी झाले, सुमारे हजार कुटुंबं बेघर झाली.

‘डिफेंडर’चा अंक तोवर दुसऱ्याच्या छापखान्यात छापला जायचा, आणि दंगलीत तो छापणं शिकागोत अशक्य झालं. अंक छापून घ्यावा लागला शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात. ॲबटने लोकांना घरात राहायचं, शांत राहायचं आवाहन केलं. पण त्याच्याच पत्रात त्या दिवसांत खातरजमा न केलेल्या, रक्त खवळवणाऱ्या कहाण्याही आल्या. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी आयोगात सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय सदस्य होते, ॲबट त्यांपैकी एक. १९२२ मध्ये आलेल्या त्या आयोगाच्या अहवालाने गोऱ्यांच्या पेपरांबरोबर कृष्णवर्णीयांच्या पेपरांनाही बोल लावला. शांततेच्या दिवसांत वाचक खेचणारा भडक मथळा दंगलीत माणसाच्या जिवावर उठू शकतो, हे ॲबटला आपल्याच पानांवर पाहावं लागलं.

स्वतःचा छापखाना हवा, हे त्या आठवड्याने पक्कं केलं. इंडियाना ॲव्हेन्यूवर एक जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) विकत घेऊन तिथे मोठं यंत्र बसवलं, आणि १९२१ पासून पत्र आपल्याच छताखाली छापलं जाऊ लागलं. यंत्रावरचे कारागीर मात्र गोरे ठेवावे लागले, कारण छपाई कामगारांची युनियन कृष्णवर्णीयांना घेत नव्हती.

उजेड आणि सावली

या वर्षांत ॲबट श्रीमंत झाला. अमेरिकेतल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय लक्षाधीशांत त्याचं नाव घेतात. मोठी हवेली, रोल्स रॉइस गाडी, परदेश प्रवास सगळं आलं. त्या पैशाचा आणि पत्राचा त्याने चांगलाही उपयोग केला. बेसी कोलमन ही शिकागोत नखं रंगवण्याचं काम करणारी तरुणी. तिला विमान चालवायचं होतं, पण अमेरिकेतली एकही शाळा तिला घेईना. ॲबटने तिला फ्रेंच शिकून फ्रान्सला जायचा सल्ला दिला आणि पाठबळ दिलं. जून १९२१ मध्ये तिने तिथे वैमानिकाचा परवाना मिळवला. १९२३ मध्ये ‘डिफेंडर’ने मुलांचं पान सुरू केलं, त्यातून ‘बड बिलिकन’ क्लब निघाला. त्याची १९२९ पासूनची मिरवणूक अजूनही ऑगस्टमध्ये शिकागोत निघते.

पण काही गोष्टींचं समर्थन करणं अवघड आहे. रंगावरून ज्याने एवढं सोसलं त्याच्या पत्रात कातडी उजळ करणाऱ्या मलमांच्या आणि केस सरळ करायच्या औषधांच्या जाहिराती भरभरून यायच्या, कारण पैसा त्यांतून यायचा. कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेशी नातं जोडावं असं सांगणारा पुढारी मार्कस गार्वी याच्याशी त्याचं वैर इतकं टोकाला गेलं, की ॲबटने शिकागोत गार्वीमागे खासगी गुप्तहेर लावला आणि परवान्याशिवाय समभाग विकल्याबद्दल अटक घडवली. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट पोर्टरांची. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फने त्यांची युनियन उभी केली, तेव्हा ‘डिफेंडर’ पुलमन कंपनीच्या बाजूने उभा राहिला. ज्यांच्या खांद्यांवरून पेपर दक्षिणेत गेला त्यांच्याच विरुद्ध. पोर्टर चिडले, पेपरवर बहिष्काराची भाषा झाली, आणि १९२७ च्या अखेरीस ॲबटने भूमिका बदलली. आपली वाट कोणाच्या हातात आहे हे तो काही काळ विसरला होता. पोर्टरांनी आठवण करून दिली.

१९२९ च्या मंदीने पत्राचा खप आणि ॲबटची मिळकत दोन्ही खाली आणली. ‘ॲबट्स मंथली’ नावाचं मासिक १९३० मध्ये काढलं होतं, त्यात पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या तरुण रिचर्ड राइटची एक सुरुवातीची कथा छापून आली, पण १९३३ पर्यंत ते बंद पडलं. याच कठीण काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याचे जन्मदाते वडील ज्या कॅप्टन स्टीव्हन्सचे गुलाम होते, त्याचे वंशज हलाखीत आले होते. ॲबटने त्यांना पैशाची मदत केली. हे त्याने का केलं असावं यावर मी खूप विचार केला आहे. क्षमा म्हणावी, की हिशेब आता आपल्या हातात आहे हे दाखवणं म्हणावं? कदाचित दोन्ही.

ॲबट २९ फेब्रुवारी १९४० रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने शिकागोत वारला. त्याच दिवशी, त्याच शहरात देशभरच्या कृष्णवर्णीय प्रकाशकांची बैठक सुरू होत होती. ती बोलावली होती त्याच्या पुतण्याने, जॉन सेंगस्टॅकने, आणि त्यातून प्रकाशकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. या पुतण्याने पुढे ‘डिफेंडर’ सांभाळला आणि १९५६ मध्ये त्याचं दैनिक केलं. छापील अंक जुलै २०१९ मध्ये बंद झाला, पत्र आता इंटरनेटवर निघतं.

ॲबटबद्दल आणखी वाचायचं असेल त्याने अग्रलेखांपासून सुरुवात करू नये, असं मी सुचवेन. आधी ती १९१९ मध्ये छापलेली पत्रं वाचावीत. तिकीट, मजुरी, शाळा विचारणारी, नाव छापू नका म्हणणारी. त्यानंतर ‘डिफेंडर’चा त्याच महिन्याचा एखादा अंक उघडावा. गाड्यांची वेळापत्रकं, नोकरीच्या जाहिराती, लाल मथळा, कोपऱ्यातली खेड्यातल्या लग्नाची बातमी: यातलं काय कोणासाठी छापलं होतं, ते मग कोणी सांगावं लागत नाही.